सहाशे सहा डॉलर आणि सतरा सेंट

पुण्यात एफसी रोडवर किंवा मुंबईत फॅशन स्ट्रीटवर टी-शर्टांच्या ढिगात हात घातला, की काळ्या कापडावर एक नाव हमखास हाताला लागतं. उंच, अरुंद, एकमेकांना खेटून उभी राहिलेली इंग्रजी अक्षरं: निर्वाणा. हे टी-शर्ट घालणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या बँडचं एकही गाणं ऐकलेलं नसतं. ऐकायलाच हवं असा माझाही हट्ट नाही. पण ती अक्षरं जन्माला कशी आली, हे मात्र ऐकण्याजोगं आहे.

१९८९ साली अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिएटल शहरात ‘द रॉकेट’ नावाचं संगीताचं एक पत्र निघत असे. तिथे अक्षरजुळणीचं काम ग्रँट ऑल्डनकडे होतं. ‘सब पॉप’ या स्थानिक रेकॉर्ड कंपनीची मुखपृष्ठं करणारी लिसा ऑर्थ एका नव्या बँडचं नाव जुळवून घ्यायला त्याच्याकडे आली. यंत्रावर तेव्हा बोदोनी घराण्यातला एक जाड, पण अंग चोरून उभा राहणारा टंक चढवलेला होता. ऑल्डनने तो बदलायचेही कष्ट घेतले नाहीत. आहे त्याच टंकात नाव जुळवून दिलं आणि मजुरीचे पंधरा डॉलर घेतले. जगभर कोट्यवधी छात्यांवर मिरवणारी ही अक्षरं कुणी ठरवून निवडलेली नाहीत. यंत्रावर होती, म्हणून ती आली.

ज्या अल्बमसाठी हे नाव जुळवलं, तो ‘ब्लीच’. १५ जून १९८९ रोजी तो सब पॉपने बाजारात आणला. या अल्बमची सगळीच गोष्ट त्या अक्षरांसारखी आहे. जे हाताशी होतं त्यातून केलेलं काम, तेही भराभर आणि बहुतेक ठिकाणी उधारीवर. नंतर ‘नेव्हरमाइंड’ हा दुसरा अल्बम आला, बँडचा गायक कर्ट कोबेन याचं नाव घरोघर पोचलं, १९९४च्या एप्रिलमध्ये त्याने आत्महत्या केली, आणि मागे वळून पाहणाऱ्यांनी ‘ब्लीच’ला एका दंतकथेचं पहिलं प्रकरण करून टाकलं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. हा एका प्रतिभावंताचा पहिला अल्बम आहेच, पण त्याहून अधिक तो एका गावाचा अल्बम आहे. इंजिनिअर, टंकजुळारी, फोटो काढणारी मैत्रीण, पैसे पुरवणारा दोस्त, शेजारच्या बँडचा ड्रमर अशा कितीतरी हातांनी मिळून तो उभा केला.

आता पैशाचं बोलू. ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. हा आकडा, सहाशे डॉलर असा गोळाबेरीज करून, अल्बमच्या पाठीवरच छापलेला आहे. इतकं हिशेबी प्रामाणिकपण रॉक संगीतात क्वचितच दिसतं. त्यात थोडा तोराही आहे: बघा, आम्ही किती स्वस्तात केलं! त्या काळात मोठ्या कंपन्या एकेका अल्बमवर लाखांनी डॉलर ओतत. ड्रमचा एक ठोका मनासारखा वाजावा म्हणून दिवसच्या दिवस घालवणारे स्टुडिओ होते. इथे तीसेक तासांत अख्खा अल्बम उरकला.

कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोव्होसेलिच हे दोघे अ‍ॅबरडीन गावचे. सिएटलच्या नैर्ऋत्येला, समुद्राच्या काठी, पावसाने कायम भिजलेलं हे लाकूडतोड्यांचं गाव. जंगलं तोडायची, ओंडके नदीत सोडायचे, गिरणीत चिरायचे, हाच तिथला पिढीजात धंदा. ऐंशीच्या दशकात तो धंदा बसत चालला होता. गिरण्या बंद पडत होत्या आणि शाळा सोडलेल्या पोरांना करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. क्रिस्टचे आईवडील क्रोएशियन. आईचं केस कापण्याचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर या पोरांची तालीम चाले. कर्टने शाळा अर्धवट सोडलेली. फरशा पुसण्याची कामं त्याने केली.

शेजारच्या माँटेसानोमध्ये बझ ऑस्बोर्न राहत असे. त्याचा बँड मेल्व्हिन्स. या बँडचं नाव ‘ब्लीच’च्या कुठल्याही चर्चेत आधी घ्यायला हवं, पण ते बहुधा शेवटी घेतलं जातं. पंक म्हणजे वेग, असं सगळे मानत असताना मेल्व्हिन्सने वेगाचा गळा आवळला. ब्लॅक सॅबथसारखी जड, रखडणारी, चिखलातून पाय ओढल्यासारखी गाणी ते करू लागले. कर्ट त्यांच्या तालमींना जाऊन बसे, त्यांचं सामान उचले. त्यांचा ड्रमर डेल क्रोव्हर पुढे ‘ब्लीच’वरही वाजवून गेला. १९८६ साली ‘डीप सिक्स’ नावाचा एक संग्रह निघाला. त्यात मेल्व्हिन्स, ग्रीन रिव्हर, साउंडगार्डन, स्किन यार्ड, मालफंक्शन आणि यू-मेन असे सहा बँड होते. ज्याला जग पुढे ग्रंज म्हणू लागलं, त्याची पहिली पावती ती. हा संग्रह फारसा खपला नाही.

सिएटल तेव्हा रॉकच्या नकाशावर आडबाजूलाच होतं. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कहून दौऱ्यावर निघालेले बँड इतक्या वर यायचा कंटाळा करत. त्यात १९८५ मध्ये शहराने असा कायदा केला, की अठराखालच्या मुलांसाठी संगीताचे कार्यक्रम करणं जवळपास अशक्य होऊन बसलं. बाहेरचे येत नाहीत आणि गावात वाजवायला जागा नाहीत. मग त्याच वीस-पंचवीस जणांनी एकमेकांसमोर वाजवायचं, एकमेकांच्या बँडमध्ये ये-जा करायची, एकमेकांचं उचलायचं. ग्रीन रिव्हर १९८७ मध्ये फुटला. त्यातल्या मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नरने मडहनी काढला, तर स्टोन गॉसार्ड आणि जेफ अ‍ॅमेंट मदर लव्ह बोनमार्गे पर्ल जॅमपर्यंत पोचले. एका घरातली भांडणं आणि वाटण्या असाव्यात, तसा हा इतिहास आहे.

साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल हे नाव वाचून आपल्या वाचकांच्या भुवया उंचावतील. त्याचे आईवडील केरळातून अमेरिकेला गेलेले. आई पियानो शिकवणारी. किम सिएटलमध्ये जन्मला, पण वाढला शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये. ब्रूस पॅव्हिटही तिथलाच. हा पॅव्हिट ऑलिंपियाच्या एव्हरग्रीन कॉलेजात शिकायला आला आणि १९८० मध्ये त्याने ‘सबटेरेनियन पॉप’ नावाचं अनियतकालिक काढलं. लहान गावांतल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या बँडांबद्दल त्यात तो लिहायचा. पुढे अंकाऐवजी कॅसेटही काढू लागला. जोनाथन पोनमन विद्यापीठाच्या केसीएमयू रेडिओवर कार्यक्रम करायचा. साउंडगार्डनची रेकॉर्ड निघावी म्हणून पैसे घालायला तो तयार होता. थायिलने या दोघांची गाठ घालून दिली. १९८८च्या १ एप्रिलला, मुद्दाम मूर्खांचा दिवस धरून, त्यांनी सब पॉप ही रीतसर कंपनी म्हणून सुरू केली. केरळी आईबापांच्या पोराने मध्यस्थी केली नसती तर हे कधी ना कधी झालंच असतं, असं म्हणता येईल. पण झालं ते असं झालं.

बॅलर्ड हा सिएटलचा जुना, कोळ्यांच्या वस्तीचा भाग. तिथे एका त्रिकोणी इमारतीत रेसिप्रोकल रेकॉर्डिंग हा स्टुडिओ होता. आठ ट्रॅकचं यंत्र, चिंचोळ्या खोल्या आणि तासाला वीसेक डॉलरचा दर. तिथला इंजिनिअर जॅक एंडिनो. हा माणूस मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडतो. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचं. आधी त्याने ब्रेमर्टनच्या नौदलाच्या गोदीत नोकरी केली होती. ती सोडून स्किन यार्डमध्ये गिटार वाजवू लागला आणि इतरांची गाणी मुद्रित करू लागला. साउंडगार्डनची ‘स्क्रीमिंग लाइफ’, ग्रीन रिव्हरची ‘ड्राय अ‍ॅज अ बोन’, मडहनीची ‘सुपरफझ बिगमफ’ ही सगळी त्याच्या हातची. सिएटलचा आवाज म्हणून जे जगाने उचललं, त्यातला मोठा हिस्सा म्हणजे या एका माणसाने त्या अडचणीच्या खोल्यांत माइक कुठे ठेवले, याचा परिणाम आहे. पैसे कमी आणि वेळ कमी. त्यामुळे बँडने एकत्र उभं राहून वाजवायचं, एक-दोन प्रयत्नांत घ्यायचं, वरून गाणं भरायचं आणि संपलं. सजावटीला जागाच नाही. खोलीच ऐकू येते.

२३ जानेवारी १९८८च्या दुपारी कर्ट आणि क्रिस्ट मेल्व्हिन्सच्या डेल क्रोव्हरला घेऊन एंडिनोकडे आले. बँडला तेव्हा पक्कं नावसुद्धा नव्हतं. एका दुपारात त्यांनी दहा गाणी वाजवली. शेवटच्या गाण्याला टेप संपली. दुसरं रीळ विकत घ्यायला खिशात पैसे नव्हते, म्हणून ते गाणं मधेच विझत जातं. आजही ते तसंच ऐकायला मिळतं. बिल १५२ डॉलर ४४ सेंट. ते चुकतं करून मंडळी संध्याकाळी टॅकोमाला कार्यक्रमाला गेली. एंडिनोला कर्टचा आवाज आवडला होता. त्याने स्वतःसाठी एक प्रत काढून ठेवली आणि ती पोनमनला ऐकवली. निर्वाणाच्या कारकिर्दीतला निर्णायक क्षण कुठला म्हणाल, तर मी या एका आगंतुक कॅसेटकडे बोट दाखवीन.

नोव्हेंबर १९८८ मध्ये पहिली तबकडी आली, ‘लव्ह बझ’. गाणं त्यांचं नव्हतं. शॉकिंग ब्लू या डच बँडचं १९६९चं गाणं. त्यातली पौर्वात्य वळणाची सुरावट क्रिस्टने बासवर धरली आणि कर्टने तिच्या अंगावर गिटार सोडली. प्रती हजारच आणि प्रत्येकीवर हाताने घातलेला अनुक्रमांक. वर्गणी आधी भरा, दर महिन्याला एक तबकडी टपालाने घ्या, अशी योजना सब पॉपने काढली होती. तिचा श्रीगणेशा या तबकडीने झाला. वर्गणीदारांचे पैसे आधी हातात यायचे आणि त्यांतूनच कंपनी चालायची. मर्यादित प्रती, रंगीत तबकड्या आणि थोडी कृत्रिम टंचाई हे पॅव्हिट-पोनमन जोडीचं व्यापारी डोकं होतं. आदर्श कलाप्रेमी वगैरे ते नव्हते. तशी ढोंगंही त्यांनी केली नाहीत.

अल्बमचं मुद्रण १९८८च्या नाताळच्या आदल्या दिवशी सुरू झालं. आता ड्रमवर बेनब्रिज बेटावरचा चॅड चॅनिंग होता. कर्टचा अँप्लिफायर दुरुस्तीला गेलेला, म्हणून एंडिनोचा फेंडर उसना घेतला. पहिल्याच दिवशी एक गोंधळ झाला. जड आवाजासाठी तारा आधीच उतरवलेल्या होत्या. ते लक्षात न राहून त्या आणखी उतरवल्या गेल्या. त्या दिवसाचं बहुतेक काम पुढे टाकून द्यावं लागलं, पण ‘ब्लू’ हे गाणं त्यातून वाचलं आणि अल्बमच्या तोंडी बसलं. ते सुरू होतं बासवर, आणि बास इतका खाली आहे की तारा सैल होऊन लोंबकळताहेत असं वाटतं. ते ऐकताना ही हकीकत लक्षात असली की मजा वाढते. डिसेंबरचे उरलेले दिवस आणि जानेवारीतल्या दोन बैठका, एवढ्यात काम आटोपलं. ‘फ्लॉइड द बार्बर’ आणि ‘पेपर कट्स’ ही दोन गाणी चॅडबरोबर पुन्हा करून पाहिली. ती जमली नाहीत, म्हणून डेल क्रोव्हरने जानेवारी १९८८ मध्ये वाजवलेलीच ठेवली.

गाण्यांच्या शब्दांबद्दल कर्ट स्वतःच नंतर बेफिकिरीने बोलायचा. बरेचसे शब्द मुद्रणाच्या आदल्या रात्री किंवा सिएटलला जाताना गाडीत लिहिलेले. ते खरं असावं. काही गाण्यांत कडव्यांची नुसती आवर्तनं आहेत. ‘स्कूल’मध्ये तर शब्द हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. पण ते गाणं चलाख आहे. सिएटलच्या संगीतमंडळींतले कंपू पाहून त्याला शाळेची आठवण झाली होती. ज्या कंपनीसाठी आणि ज्या मंडळींसमोर गायचं, त्यांनाच त्याने पहिल्या अल्बमात टोमणा मारला. ‘फ्लॉइड द बार्बर’मध्ये अमेरिकी दूरदर्शनवरची एक गोडगोड गावाकडची मालिका घेऊन तिच्यातल्या सज्जन न्हाव्याला त्याने खाटीक करून टाकलं. ‘पेपर कट्स’च्या मागे अ‍ॅबरडीनमधली खरी घटना आहे. एका घरात पोटच्या पोरांना खोलीत कोंडून ठेवलं होतं. अल्बममधलं हे सर्वांत सावकाश आणि सर्वांत मेल्व्हिन्सछाप गाणं. ते मला पुन्हा पुन्हा लावावंसं वाटत नाही, पण लावलं तर मधेच बंद करता येत नाही.

आणि मग तिसरं गाणं, ‘अबाउट अ गर्ल’. गिटारचे दोन कॉर्ड आलटूनपालटून येतात, चाल साधी, गळा मोकळा, आरडाओरडा नाही. बीटल्स ऐकता ऐकता केलेलं हे गाणं कर्टच्या तेव्हाच्या मैत्रिणीबद्दल, ट्रेसी मॅरँडरबद्दल आहे. ती नोकरी करून घर चालवायची आणि हा घरात बसून गाणी, चित्रं करायचा. हिशेबाची तक्रार, थोडी लाज आणि लाडीगोडी असं सगळं त्या अडीच-तीन मिनिटांत आहे. सब पॉपच्या अल्बमात असं ‘गोड’ गाणं घालायला त्याला संकोच वाटत होता, कारण तिथे जड आणि खरखरीत असण्यालाच इज्जत होती. त्या दिवसांत त्यांच्या गाडीत एक कॅसेट वाजायची. तिच्या एका बाजूला सेल्टिक फ्रॉस्ट हा स्विस मेटल बँड आणि दुसऱ्या बाजूला सुरेल पॉप वाजवणारे स्मिदरीन्स. पुढचा निर्वाणा त्या कॅसेटच्या दोन्ही बाजू एकदम लावायला शिकला. ‘ब्लीच’वर त्या बाजू अजून वेगवेगळ्याच वाजतात. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, न्यूयॉर्कच्या एमटीव्ही अनप्लग्डची सुरुवात त्यांनी याच गाण्याने केली. आमच्या पहिल्या अल्बममधलं आहे, अशी कर्टने त्याची ओळख करून दिली, ती थोडी चेष्टेच्या सुरात.

आता स्पष्टच सांगतो. अल्बम म्हणून ‘ब्लीच’ असमान आहे. दुसऱ्या बाजूची ‘स्कॉफ’, ‘स्वॉप मीट’, ‘मिस्टर मुस्टॅश’ ही गाणी एकामागून एक ऐकली की एकमेकांत मिसळून जातात. ‘सिफ्टिंग’ लांबतं. त्याच सुमारास त्याच खोलीत, त्याच एंडिनोने मुद्रित केलेली मडहनीची ‘सुपरफझ बिगमफ’ कितीतरी नेटकी आहे. मडहनीला आपण कोण आहोत हे नक्की माहीत होतं. निर्वाणाला नव्हतं. पण मडहनी जिथे होता तिथेच आनंदाने राहिला आणि निर्वाणाला पुढे जायची घाई होती. ‘ब्लीच’मध्ये ती घाई ऐकू येते. विशेषतः आवाजात. फाटतो तिथेही तो सुराला धरून फाटतो. त्या गावात ओरडणारे पुष्कळ होते, पण ओरडताना चाल न सोडणारा हाच.

ते ६०६ डॉलर आले कुठून? बँडजवळ नव्हते आणि सब पॉपकडेही नव्हते. जेसन एव्हरमन नावाच्या मित्राने दिले. तो अलास्कात मासेमारीच्या बोटीवर काम करून पैसे बाळगून होता. पुढे त्याला दुसरा गिटारवादक म्हणून बँडमध्ये घेतलं. अल्बमवर गिटारवादक म्हणून त्याचं नाव आहे, मुखपृष्ठावर त्याचा लांब केसांचा अवतारही आहे, पण अल्बमात त्याने एकही स्वर वाजवलेला नाही. आभार मानायची ती रीत होती. मुखपृष्ठाचा फोटो ट्रेसीने काढला, ऑलिंपियातल्या ‘रेको म्यूझ’ या छोट्या कलादालनातल्या कार्यक्रमात. ते दालन चालवणाऱ्या मुलींमध्ये कॅथलीन हॅना होती, पुढे बिकिनी किलमुळे गाजलेली. छापताना फोटो उलटा केला, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. चेहरे भुतासारखे झाले आणि केस पांढरेफटक. कर्टच्या नावाचं स्पेलिंग त्याने मुद्दाम वेडंवाकडं छापून घेतलं. अल्बमचं आधी ठरलेलं नाव ‘टू मेनी ह्यूमन्स’ होतं. सॅन फ्रान्सिस्कोत दौऱ्यावर असताना भिंतीवर एड्सविरोधी फलक दिसला. सुया वापरणाऱ्यांनी त्या ब्लीचने धुवाव्यात, असं त्यावर लिहिलेलं होतं. तिथून हे नाव आलं.

जेसन त्या उन्हाळ्यातल्या पहिल्या अमेरिका-दौऱ्यापुरताच टिकला. न्यूयॉर्कहून मंडळी उरलेले कार्यक्रम रद्द करून हजारो किलोमीटर गाडी हाकत परतली आणि वाटेत त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. पुढे तो काही काळ साउंडगार्डनमध्ये बास वाजवत होता. तिथूनही निघाला, मग अमेरिकी लष्करात भरती झाला, रेंजर आणि पुढे स्पेशल फोर्सेसमध्ये गेला, अफगाणिस्तान-इराकमध्ये लढला आणि परत येऊन कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला. दोन जगप्रसिद्ध बँडांतून काढून टाकलेला माणूस म्हणून त्याची कीव करणाऱ्यांनी त्याच्या आयुष्याचा हा उत्तरार्धही वाचावा. त्याचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

गाणी झाली, आता ती विकायची. इथे सब पॉपने जे केलं त्याचं कौतुकही वाटतं आणि रागही येतो. १९८९च्या सुरुवातीला त्यांनी ‘मेलडी मेकर’ या लंडनच्या साप्ताहिकाचा वार्ताहर एव्हरेट ट्रू याला स्वखर्चाने सिएटलला बोलावलं. कंपनीच्या तिजोरीत खडखडाट होता, तरी विमानाचं भाडं भरलं. मार्चमध्ये त्याचे लेख आले आणि इंग्लंडात सिएटलची हवा झाली. चार्ल्स पीटरसनचे काळेपांढरे फोटो आधीच होते. फ्लॅश आणि लांबवलेला शटर यांमुळे केस, घाम, गिटारी सगळं एकमेकांत विरघळलेलं. फोटोत गायक कुठला आणि प्रेक्षक कुठला हे कळू नये, ही पीटरसनची खुबी.

पण त्याबरोबर एक गोष्टही विकली गेली: हे सगळे जंगलातून आलेले, चौकड्याचे शर्ट घातलेले, अडाणी, रांगडे लाकूडतोडे. वस्तुस्थिती काय होती? मार्क आर्मने इंग्रजी साहित्याची पदवी घेतलेली. किम थायिल तत्त्वज्ञान शिकलेला. एंडिनो इंजिनिअर. आडदांड टॅड डॉईलला कंपनीने खाटीक म्हणून पुढे केलं, तो गडी संगीताचं शिक्षण घेऊन आलेला. लाकूडतोड्यांच्या गावातून खरोखर आलेला कर्ट होता आणि ही प्रतिमा सर्वांत जास्त त्यालाच खुपायची. आपल्याला कुणी खेडवळ समजावं, हे त्याला रुचत नसे. त्या कंपनीवरचा त्याचा राग नंतर वाढत गेला, त्याची मुळं इथे असावीत. या सगळ्या प्रतिमाबाजीवर उत्तम सूड मेगन जॅस्परने घेतला. ती सब पॉपमध्ये काम केलेली. १९९२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ग्रंजवाल्यांची खास बोली विचारली, तेव्हा तिने फोनवर तोंडाला येतील ते शब्द रचून सांगितले. ते त्यांनी छापले! पुढे तीच बाई कंपनीची प्रमुख झाली.

अल्बम येण्याच्या आठवडाभर आधी, ९ जूनला, सिएटलच्या मूर थिएटरात ‘लेमफेस्ट’ झाला. मडहनी, टॅड डॉईलचा बँड टॅड आणि निर्वाणा. थिएटर भरलं आणि त्या गावाला पहिल्यांदा स्वतःचा आकार दिसला. वर्षअखेरीला टॅड आणि निर्वाणा एकाच व्हॅनमधून युरोपभर फिरले. नऊ माणसं, वाद्यं, विकायचे टी-शर्ट आणि सव्वाशे किलोंच्या वरचा टॅड. बर्लिनला पोचले तेव्हा भिंत नुकतीच पडली होती. रोममध्ये कर्टने गिटार फोडली, स्पीकरच्या थरावर चढला आणि खाली उतरल्यावर रडला. ३ डिसेंबरला लंडनच्या अ‍ॅस्टोरियात मडहनीसह कार्यक्रम झाला आणि इंग्रजी पत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

एवढं होऊनही अमेरिकेत ‘ब्लीच’ ‘नेव्हरमाइंड’ येईपर्यंत चाळीस हजारांच्या आसपास खपला. स्वतंत्र कंपनीच्या मानाने वाईट नाही, पण जग हलवणाराही नाही. १९९१ उजाडेपर्यंत सब पॉप बुडायच्या बेतात होती. लोकांचे पैसे थकले होते, चेक परत येत होते. त्यांनी चक्क एक टी-शर्ट छापला, त्यावर प्रश्न होता: आमच्याकडे पैसे नाहीत, यातलं तुम्हाला नेमकं काय समजत नाही?

त्यांना वाचवलं ते एका कागदाने. सब पॉपचा बहुतेक कारभार तोंडी चालायचा. सांगतात, की १९८९ मध्ये एका रात्री क्रिस्ट दारूच्या नशेत पॅव्हिटच्या घरी धडकला आणि करार हवाच म्हणून हटून बसला. मग पोनमनने घाईघाईने करार तयार केला. पहिल्या वर्षाचे सहाशे डॉलर, दुसऱ्याचे बारा हजार, तिसऱ्याचे चोवीस हजार. बँडने तो मागितला होता तो कंपनीच्या लहरीपासून आपलं रक्षण व्हावं म्हणून. झालं उलटं. १९९१ मध्ये निर्वाणा गेफन या बड्या कंपनीकडे गेला, तेव्हा हा करार मोडायला गेफनला सब पॉपला पंचाहत्तर हजार डॉलर द्यावे लागले, शिवाय पुढच्या विक्रीत वाटा आणि ‘नेव्हरमाइंड’च्या वेष्टनावर सब पॉपची मुद्रा. त्या वाट्यावर कंपनी तरली आणि आजही आहे.

‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबर १९९१ मध्ये आला. त्याच महिन्यात आशियासाठीचा एमटीव्ही सुरू झाला आणि पुढे केबलवाल्यांच्या कृपेने आपल्या घरांत शिरला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या एका पिढीने निर्वाणा पाहिला तो आधी पडद्यावर, झगमगाटातून. ‘ब्लीच’ त्यांनी नंतर शोधून ऐकला आणि कित्येकांना तो ओबडधोबड वाटला. अमेरिकेतही तसंच झालं. जानेवारी १९९२ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून हटवलं. मग लोकांनी मागचा अल्बम शोधला, तो पुन्हा काढला गेला आणि अमेरिकेतच दहा लाखांच्या वर खपला. सब पॉपचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच. चॅड चॅनिंगला मात्र २०१४ मध्ये रॉकच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निर्वाणाबरोबर घेतलं नाही. त्याच्यानंतरचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने मंचावरून त्याचे आभार मानले, तेवढंच. ‘नेव्हरमाइंड’मधल्या ‘पॉली’वर जी झांज वाजते, ती चॅडची आहे.

‘ब्लीच’चं महत्त्व काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्यातल्या गाण्यांआधी त्याच्या किमतीकडे वळतो. या अल्बमनंतर अमेरिकेतल्या हजारो तरुणांना कळलं, की मोठ्या शहरात जायची, मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायची गरज नाही. आपल्याच गावातला इंजिनिअर, आपल्याच गावातली कंपनी आणि मित्राची बचत यांवर रेकॉर्ड निघते. हे याआधीही काहींनी करून दाखवलं होतं, पण आकडा पाठीवर छापून क्वचितच कुणी दाखवलं होतं. आणि कर्टलाही हे आतून ठाऊक असावं. ‘नेव्हरमाइंड’च्या गुळगुळीतपणाचा त्याला पुढे कंटाळा आला. १९९३चा ‘इन युटेरो’ त्याने ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे नेला, तो खोलीचा आवाज पुन्हा मिळावा म्हणून.

तेव्हा ऐकायचं असेल तर असं करा. ‘नेव्हरमाइंड’ बाजूला ठेवा. एका संध्याकाळी ‘स्क्रीमिंग लाइफ’, मग ‘सुपरफझ बिगमफ’ आणि शेवटी ‘ब्लीच’ लावा. तिन्हींचा इंजिनिअर एक, स्टुडिओ एक, आणि मिळून दीड तासाच्या आतच संपतात. इअरफोन नको, चांगले स्पीकर घ्या. आवाज शेजारी दार वाजवतील इतका तरी असू द्या.